तिसऱ्या ओळीतला थांबा

शरदिनीबाई तोरण्यांच्या घरी मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर जायचं असेल, तर दारात चपला काढा, मोबाइल बंद करा आणि तोंडातलं च्युइंगम बाहेरच टाकून या. हा नियम पोरांना आहे, पोरांच्या आईबापांना आहे. एकदा चर्चचे पाळकसाहेब सहज सलाम करायला म्हणून आले, तर बाईंनी त्यांनाही बोटानं भिंतीजवळची जागा दाखवली आणि तासभर गप बसवलं. बिचारे बसले.

पुनावळ्यातल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर हा फ्लॅट. मुलगा सुजित चाकणच्या कंपनीत, सून बँकेत, नात साक्षी पाचवीत. हॉलमध्ये सतरंजी टाकली की तिच्यावर बारा पोरं बसतात आणि साठ वर्षांच्या शरदिनीबाई त्यांना मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, जुनी स्तुतिगीतं शिकवतात. जुनी म्हणजे जुनीच, पणजोबांच्या पुस्तकातली. टाळ्या वाजवत उड्या मारायची नवी गाणी पोरं मोबाइलवरनं आपोआप उचलतात, त्याला मी कशाला हवी, असं बाईंचं म्हणणं. कुरुळीचा एक बाप फर्स्ट शिफ्ट उरकून, आंघोळ करून, दोन पोरींना स्कूटरवर बसवून एवढ्या लांब आणायचा, यावरनं काय ते समजा.

घरात पेटी आहे, पण ती कपाटावर. "आधी गळा, मग पेटी. पेटीच्या मागं लपता येतं," हे ठरलेलं वाक्य. एकेक ओळ दहादा म्हणून घ्यायची, आणि तीही अर्थ सांगितल्याशिवाय नाही.

"थोरवी म्हणजे काय रे?"

"मोठेपणा."

"कुणासारखा?"

पोरगं विचारात पडतं. "कुणासारखाच नाही. देवाचाच असतो तो."

"हं. आता म्हण."

शेवटी सगळ्यांना एकेक शेंगदाण्याचा लाडू. ज्यानं चूक केली त्यालाही लाडू, पण तो आधी सगळ्यांना पाणी देणार. पालिकेच्या बालवाडीत एकतीस वर्षं काढलेली बाई आहे, पोरं कशी वळवायची हे तिला कुणी शिकवायला नको. आणि बाईंना कधी कशाची शंका आलीय, असं आजतागायत कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तो जिथं गेलाय ते मला ठाऊक आहे, तुम्ही चहा घ्या."

हे सगळं आलं आबांकडनं. आबा म्हणजे बाईंचे वडील. मूळचे नेवाशाकडचे, बहात्तर साली पिंपरीत आले आणि एका फाउंड्रीत भट्टीवर लागले. दिवसभर वाळू, धूर, धूळ. संध्याकाळी आंघोळ करून चाळीच्या खोलीत गीतांचं पुस्तक उघडायचं. आधी घरचेच बसायचे. मग शेजारचे यायला लागले, मग फाउंड्रीतले जोडीदार सोपानराव झांज घेऊन यायला लागले. त्या खोलीची मंडळी झाली, मंडळीची पत्र्याची शेड झाली, शेडचं चर्च झालं. यंदा नोव्हेंबरात त्या मंडळीला पन्नास वर्षं होत होती, आणि सुवर्णमहोत्सवाच्या आराधनेत बाईंची बारा पोरं गाणार होती. कुठलं गीत, हे विचारायची गरजच नव्हती. एकशे सत्तावीस नंबर!

आमच्या लोकांत गीताला नावानं कोणी हाक मारत नाही, नंबरानं मारतात. एकशे सत्तावीस हे आबांचं गीत. सगळ्या सृष्टीनं देवाची स्तुती करावी असं ते आहे. त्यातली तिसरी ओळ भलती लांब. आधी डोंगर गातात, मग सागर, मग आभाळ, आणि सगळे मिळून एकाच ओळीत. आता या ओळीत आमच्या मंडळीची एक खासियत होती. डोंगर गाऊन झाले की सगळे थांबायचे. चार मात्रा पूर्ण शांतता. मग सागर. आबा तिथं हात वर करायचे, पंजा पोरांकडं करून, म्हणून बाईही शिकवताना तिथं हात वर करायच्या, आणि बाराच्या बारा पोरं नळ बंद केल्यासारखी गप व्हायची. बाहेरगावचा माणूस आमच्या चर्चमध्ये ओळखायचा तो इथंच. सगळे थांबलेले आणि हा एकटा जोरात सागराकडं निघालेला! एका पाहुण्या पाळकांचं असंच झालं होतं, कानापर्यंत लाल झाले होते बिचारे. शरदिनीबाई त्या दिवशी घरी येऊन पोटभर हसल्या होत्या.

पण मग आली योगिनी. मिरजेची पोरगी, तळवड्याच्या आयटी कंपनीत नोकरीला. कीबोर्ड वाजवते, स्वरलिपी वाचते, आणि दोन वर्षांतच मंडळीनं संगीताची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकलेली. गुणी पोरगी, बाईंनाही आवडायची. महोत्सवाला तीन आठवडे राहिले तेव्हा ती पोरांची तयारी बघायला पुनावळ्याला आली. मोबाइल न सांगता बंद केला, भिंतीजवळ बसली, सगळं ऐकलं. पोरं लाडू घेऊन खाली पळाली, तसं तिनं हळूच विषय काढला.

"मावशी, एक विचारू? तिसऱ्या ओळीतला तो थांबा कुठनं आला?"

"कुठनं म्हणजे? गीतातच आहे."

"नाहीये. मी जुनी छापील स्वरलिपी मिळवून बघितली. आमच्या मिरजेलाही कोणी थांबत नाही."

"मग मिरजेला चुकतात."

योगिनी हसली. बाई हसल्या नाहीत. तेव्हा कुठं पोरीच्या लक्षात आलं की हे गमतीत चाललेलं नाही.

"मावशी, त्या दिवशी बाहेरची दीडशे माणसं येणार आहेत. ती पुढं जाणार, आपण थांबणार. पोरं मध्येच गोंधळतील. या वेळी सरळ म्हणू दे ना त्यांना."

"पोरी, हे गीत या मंडळीत ज्यानं आणलं त्यानं मला समोर बसवून शिकवलंय. तू कागद बघितलास, मी माणूस बघितलाय. थांबा जाणार असेल तर पोरंही जातील. माझी पोरं गाणार नाहीत. जा, पाळकसाहेबांना सांग."

झालं! गोष्ट पाळकसाहेबांपर्यंत गेली. ते दोन्हीकडून अडकले. फोन करून म्हणाले, "बाई, रविवारी सराव आहे, तोवर तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा." म्हणजे त्यांनी हात झटकले. सुजितनं जेवताना समजावून बघितलं. "आई, चार मात्रांवरनं एवढा हट्ट कशाला?"

"हट्ट नाही, शिस्त आहे."

साक्षी ताटाकडं बघत होती. तिला तीन महिने शिकलेलं गीत गायचं होतं, आणि पांढरा फ्रॉकसुद्धा शिवून आला होता. पण आजीपुढं बोलायची तिची टाप नव्हती.

बाईंच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगतो. आबा छप्पन्नाव्या वर्षी गेले. चाळ पडली, तिथं आता मॉल आहे. फाउंड्री बंद झाली. आबांचं म्हणून या जगात काय उरलं होतं? हे गीत, आणि गीतातला तो थांबा, जो फक्त त्यांच्याच मंडळीत होता. तो चुकीचा निघाला, तर एक तर आबांना आपलंच गीत येत नव्हतं, नाही तर पंचेचाळीस वर्षं शेकडो पोरांना बाईंनी चुकीचं शिकवलं. दोन्हींतलं एकही त्यांना गिळता येत नव्हतं. म्हणून त्या ताठ राहिल्या. भीती वाटली की ही बाई जास्तच ताठ होते.

मग शुक्रवार आला. दुपारी त्या भाजी आणायला खाली गेल्या, तेवढ्यात लिफ्ट बंद पडली. दुसरं कोणी असतं तर खाली बाकावर बसलं असतं, लिफ्टवाल्याची वाट बघितली असती. पण पाचला दहा कमी, आणि पाचला क्लास म्हणजे पाचला क्लास. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाई निघाल्या. चौथ्या मजल्यावर इंदुताईंनी दार उघडून "अहो बाई, बसा की जरा, पाणी तरी घ्या," म्हटलं, तर मान हलवून पुढं. सातव्या मजल्यावर पोचल्या तेव्हा पोरं सतरंजीवर हजर होती. घड्याळात पाच. बाईंनी पिशव्या ओट्यावर ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उभ्या उभ्याच सुरू केलं. एकशे सत्तावीस.

पहिलं कडवं निभलं. दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्याच ओळीत मात्र छातीत हवाच उरली नाही. तोंड उघडं, आवाज नाही. एक हात त्यांनी छातीवर दाबला आणि दुसरा वर केला, पंजा पोरांकडं. म्हणजे चला, तुम्ही म्हणत राहा, मी येतेच.

बारा पोरं गप झाली. नळ बंद.

बाईंनी हात हलवला. पोरं त्या हाताकडं टक लावून बघत राहिली. बाईंनी मान हलवली, डोळे मोठे केले, पण पोरांनी जी शिस्त पाळली ती पाळली. शेवटी दम परत आला तशा बाई कडाडल्या, "थांबलात कशाला? म्हणायचं की पुढं! हात केला ना मी, पुढं जा म्हणून?"

सगळी एकमेकांकडं बघायला लागली. साक्षी घाबरत म्हणाली, "आजी, हात वर म्हणजे थांबायचं. तूच शिकवलंस."

"अगं, मला दम लागला होता, म्हणून मी..."

वाक्य तिथंच अडकलं.

चाळीची खोली त्यांना लख्ख दिसली. आबा भिंतीला टेकून बसलेले. डोंगर गाऊन झालेत. आबांचा एक हात छातीवर, दुसरा वर, पंजा पोरांकडं. ओठ हलतायत. "म्हना... म्हना रं..." आणि आईनं डोळे वटारलेले, पुटपुटतेय, "आबा थांबल्यात, गप ऱ्हावा." सगळी पोरं गप. सोपानरावांची झांज गप. सगळी खोली गप. आबा दम गोळा करतात, आणि मग एकटेच सागरापासनं उचलतात. पुस्तकातल्या बाकीच्या गीतांच्या ओळी आखूड, त्यात कसंबसं निभून जायचं. या एकाच ओळीत उघडं पडायचं. आणि तेव्हा आबांच्या तोंडावर जे दिसायचं त्याला शरदिनी भक्ती समजत होती. ती धाप होती! त्यांना थांबायचंच नव्हतं. ते सगळ्यांना पुढं जा म्हणत होते, आणि सगळी माणसं त्यांचा मान राखून गप बसली होती. वर्षानुवर्षं, रोज संध्याकाळी.

बाई मटकन सतरंजीवर बसल्या आणि रडल्या. लपवून नाही, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. पोरांनी ही बाई रडताना कधी बघितली नव्हती, ती पार भेदरली. कुरुळीची धाकटी पाण्याचा पेला घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, लिफ्टमुळं?"

"व्हय गं बाई," शरदिनीबाई नाक पुसत म्हणाल्या, "लिफ्टमुळंच."

तरी खातरी हवीच होती. तिथंच बसून सोपानरावांना फोन लावला. म्हातारा आता ब्याऐंशीचा, कानानं कमी पण आठवणीनं टणक. बाईंनी ओरडून विचारलं, "काका, आबा तिसऱ्या ओळीत पहिल्यापासनं थांबायचे का?"

"न्हाई न्हाई," पलीकडनं आलं. "नवीन व्हता तवा सलग म्हनायचा तुजा बाप, तू बारकी व्हतीस. एका दमात! मग पुढं थांबाय लागला. आमाला वाटलं, काय तरी नवी चाल आनली. आमीबी थांबाय लागलो."

"मग त्यांना विचारलं नाहीत कधी?"

"गान्यातलं त्याला कळायचं, आमाला काय कळतंय? त्यानं हात केला, आमी गप."

फोन ठेवला आणि बाई उठल्या. तुम्हाला वाटेल, आता या खचणार. छे! पदर खोचला आणि पोरांसमोर उभ्या राहिल्या. "ऐका. आजीनं तुम्हाला चुकीचं शिकवलं. आजीलाही चुकीचं कळलं होतं. आजपासनं हात वर झाला की पुढं जायचं. मी थांबले, तुमची आई थांबली, अख्खं चर्च थांबलं, तरी तुम्ही थांबायचं नाही. कळलं?"

"आजी, मग आज पाणी तू देणार?" एकानं विचारलं.

"देते की!" आणि खरंच बाराही जणांना त्यांनी पाणी दिलं.

पण मुरलेली सवय मोडायची म्हणजे घाम फुटतो. हात वर गेला की पाच पुढं, सात गप. पुन्हा. आठ पुढं, चार गप. पुन्हा. आपल्याच शिकवण्याचा बाईंना एवढा राग कधी आला नव्हता. पोटावर हात ठेवायला लावून त्यांनी पोरांना श्वास कसा भरायचा ते दाखवलं. डोंगर, सागर, आभाळ, सगळं एका श्वासात बसलं पाहिजे. सहा वाजून गेले, आईबाप दारात येऊन उभे राहिले, तरी कोणाला सोडलं नाही. सातच्या सुमाराला बाराच्या बारा आभाळापर्यंत पोचली, तेव्हा लाडू मिळाले.

मग योगिनीला फोन. "सलाम. तुझं बरोबर होतं. मिरजेचंही बरोबर." आणि जे घडलं ते सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. पोरगी लगेच म्हणाली, "मावशी, आता तर थांबा ठेवूच या. आबांची आठवण म्हणून. मी सगळ्या पाहुण्यांना आधी सांगते."

"नको," बाई म्हणाल्या. "आबा आम्हाला पुढं जा म्हणत होते. पन्नास वर्षं आम्ही त्यांचं ऐकलं नाही. आता तरी ऐकू दे."

रविवारी सरावात बाईंनी मंडळीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. चूक कबूल करतानाही अशा सांगत होत्या की ऐकणाऱ्याला वाटावं, चूक आपलीच झाली. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आता थांबायचं नाही, ठरलं. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी पुन्हा आठवण करून दिली. पुन्हा माना डोलल्या.

महोत्सवाच्या दिवशी चर्च गच्च भरलं. बाहेर मांडव घातला होता तिथंही माणसं उभी. पांढऱ्या कपड्यांतली बारा पोरं पुढं, बाई त्यांच्यासमोर, बाजूला कीबोर्डवर योगिनी. पहिल्या बाकावर सोपानराव. पाळकसाहेबांनी नंबर सांगितला आणि सगळी सभा पोरांबरोबर उभी राहून गायला लागली. साडेचारशे माणसांचा आवाज वर गेला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

तिसरी ओळ आली. डोंगर गाऊन झाले, आणि बाईंनी हात वर केला, पंजा पोरांकडं.

आणि मंडळी थांबली! एवढं सांगून, एवढ्या माना डोलावून, पन्नास वर्षांच्या सवयीनं तीनशे माणसं एकदम गप झाली. सोपानराव तोंड मिटून, छातीवर हात ठेवून उभे. आजूबाजूच्यांना थांबलेलं बघून पाहुणेही दचकून थांबले. योगिनीनं एकदा बाईंकडं बघितलं आणि कीबोर्डवरनं हात उचलले. जिथं नेहमी शांतता असायची तिथं शांतता झाली.

त्या शांततेत बारा पोरांचा आवाज आला, सागर घेऊन, आणि तो न तुटता आभाळाकडं निघाला. सगळं चर्च ऐकत उभं होतं. बाईंच्या गालांवरनं पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. एक हात छातीवर होता. दुसरा वरच राहिला, आणि पोरं पुढं गेली.